अंगठा गेला, टक्के किती? कामावरच्या अपघातानंतर कायमच्या अपंगत्वाची भरपाई कशी ठरते

जालन्याच्या रोलिंग मिलमधून, लातूरच्या डाळ मिलमधून, बीडच्या ऊसतोड टोळीतून माणसं हातात पिशवी घेऊन येतात. पिशवीत एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्यात वर, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं एक प्रमाणपत्र : ‘३५ टक्के अपंगत्व’. पहिला प्रश्न ठरलेला. “भाऊ, पस्तीस टक्क्याचे किती बसतात?”

त्या पस्तिसावर भरपाई ठरत नाही, हे सांगताना मला दर वेळी जड जातं. कारण ते प्रमाणपत्र काढायला त्या माणसानं जिल्हा रुग्णालयाच्या चार चकरा मारलेल्या असतात. ते एसटीच्या सवलतीला, दिव्यांगांच्या योजनांना उपयोगी आहे. भरपाईच्या दाव्यात मात्र प्रश्न वेगळा असतो : या इजेनं माणसाची कमावण्याची ताकद कायमची किती गेली? शरीराचा टक्का वेगळा, कमाईचा टक्का वेगळा. या दोन टक्क्यांची गल्लत झाली की लाखांचं नुकसान होतं.

माझे चुलते परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये होते. पन्नाशीत उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकानं दवाखाना केला, चाळीस हजार हातावर ठेवले आणि एका कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली. घरात कुणाला काही माहीत नव्हतं. पुढं मी कायदा वाचला, तेव्हा कळलं की त्या पगाराला आणि त्या वयाला एक लाख पासष्ट हजारांच्या वर बसत होते. तेव्हापासून मी लोकांचे असले कागद लावून देतो. वाट कशी आहे ते इथं क्रमानं सांगतो.

आधी हे बघा : ईएसआय की मालक?

पगाराची पावती काढा. त्यात ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा योजना) म्हणून पाऊण टक्का कपात दिसते का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला ही योजना सहसा लागू असते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यातल्या बहुतेकांचा रस्ता हाच. ईएसआय लागू असेल तर त्याच इजेसाठी मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. दोन्हीकडं अर्ज टाकून बघू, असं करण्यात वर्ष वाया जातं.

ईएसआयमध्ये सहसा एकरकमी पैसे मिळत नाहीत, दरमहा लाभ मिळतो, तोही हयातभर. वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के हा पूर्ण दर, त्यातला तुमच्या टक्क्याएवढा हिस्सा तुम्हाला. मजुरी ५०० रुपये आणि टक्का ३० असेल तर रोजचे १३५, तीस दिवसांच्या महिन्याला ४,०५०. मंडळाचा टक्का कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडं जाता येतं. आणखी एक गोष्ट नव्या पोरांनी लक्षात ठेवावी : आजारपणाच्या लाभाला काही महिन्यांची वर्गणी लागते, कामावरच्या अपघाताला लागत नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. म्हणून “तू तर कालच लागलास” या उत्तरावर परत फिरू नका.

ईएसआय नसेल तर जबाबदारी मालकाची. त्यासाठी १९२३ सालापासून कायदा आहे. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं, २०१० पासून ते कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नं घेतली. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा धरून चला. हिशोबाची रीत दोन्हीकडं एकच आहे. नव्या संहितेत घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचा मानला जातो. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवर गावी परतणाऱ्यांसाठी हा मोठा फरक आहे.

पहिल्या आठवड्यातले कागद

दाव्याचा अर्धा निकाल इथंच लागतो. दवाखान्यात नेल्यावर “घरी पडला”, “गाडीवरून घसरला” असं लिहून घ्यायची घाई अनेक ठिकाणी होते. सोबत आलेला सुपरवायझरच माहिती देतो आणि जखमी माणूस शुद्धीत नसतो. म्हणून घरचं कुणीतरी लगेच पोहोचावं. ‘कामावर असताना, अमुक मशीनवर, अमुक वाजता’ हे शब्द केसपेपरवर आणि एमएलसीमध्ये (पोलिसांसाठी दवाखाना करतो त्या नोंदीत) आलेच पाहिजेत. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात न्या, अंबाजोगाईला न्या, नाहीतर खासगीत न्या. हे शब्द विसरू नका.

मग मालकाला लेखी कळवा. साध्या कागदावर मराठीत चालतं : कुणाला, कुठं, कधी, कशानं, काय इजा. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. मालक फुकट वैद्यकीय तपासणी करून देतो म्हणाला तर नाही म्हणू नका, त्यानं तुमचीच बाजू बिघडते. तपासणीला जा, पण त्या डॉक्टरच्या कागदाची प्रत मागा.

सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते बिहारला किंवा दुसऱ्या एमआयडीसीत गेलेले असतात. हजेरी कार्डाचा फोटो, बँकेत जमा झालेला पगार, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप हे सगळं पुराव्यात येतं. मजुरी रोखीत असेल तर शेवटच्या वर्षभरात किती मिळाले याची घरच्या घरी यादी करा.

टक्का : इथं घाई करू नका

कायद्यानं इजांचे दोन गट केलेत. पहिल्या गटात यादी आहे, जिला वकील लोक ‘शेड्यूल’ म्हणतात. यादीतली इजा असेल तर टक्का कायद्यानंच लिहून ठेवलेला आहे, त्याखाली घासाघीस नाही. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, अंगठ्याचं फक्त वरचं पेर गेलं तर २०. तर्जनी पूर्ण १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. पूर्ण पंजा ६०, खांद्यातून हात ९०. एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असेल तर ४०; डोळा जागेवर आहे पण नजर गेली तर ३०. दोन्ही हात, किंवा एक हात आणि एक पाय, किंवा पूर्ण बहिरेपण हे थेट १००.

यादीखाली एक टीप आहे, ती कुणी वाचत नाही. अवयव जागेवर असला पण त्याचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो गेलाच असं धरायचं. रोलरमध्ये चिरडलेली बोटं डॉक्टरांनी शिवून वाचवली, पण ती लाकडासारखी ताठ राहिली, काही धरता येत नाही. मालक म्हणतो, “बोटं तर आहेत.” कायदा म्हणतो, नाहीत असं समजा.

आणि यादीतल्या इजेत “आम्ही परत कामावर घेतलं, पगारही तोच दिला” हा बचाव टिकत नाही. अंगठा गेला म्हणजे कमाईची क्षमता ३० टक्के गेली, हे कायद्यानं गृहीतच धरलंय.

दुसरा गट यादीबाहेरच्या इजांचा : मणका दबला, खांदा वर जात नाही, पायात रॉड आहे आणि उकिडवं बसता येत नाही. मराठवाड्यातल्या बांधकाम मजुरांच्या बहुतेक इजा याच असतात आणि भांडण इथंच होतं. इथं नोंदणीकृत डॉक्टरनं कमाईच्या क्षमतेत किती टक्के कायमची घट झाली ते ठरवायचं असतं. पण बरेच डॉक्टर सवयीनं शरीराचा टक्का लिहितात : ‘डाव्या खांद्याचं २० टक्के अपंगत्व’. तो आकडा पुढं भरपाईचा म्हणून चिकटतो.

म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडं जाताना आपलं काम काय आहे ते नीट सांगा, जमलं तर लिहून द्या. त्यांना विनंती करा की प्रमाणपत्रात तीन गोष्टी याव्यात : आधी हा माणूस कुठलं काम करायचा, आता त्या कामातलं नेमकं काय करता येत नाही, आणि म्हणून त्याची कमावण्याची क्षमता कायमची किती टक्के घटली. “हे गवंडी आहेत, हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळं गिलावा आणि स्लॅबचं काम बंद” हे एक वाक्य नुसत्या आकड्यापेक्षा जास्त वजनाचं आहे. उपचार पूर्ण होऊन सुधारणा थांबल्यावरच हे प्रमाणपत्र घ्या. प्लास्टर निघायच्या आधी घेतलेला टक्का उलटतपासणीत टिकत नाही. आणि डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून ठेवा.

आता १०० टक्क्यांची गोष्ट. ज्या कामासाठी माणूस अपघाताच्या वेळी सक्षम होता ते सगळंच काम त्याला करता येईनासं झालं, तर ते कायमचं पूर्ण अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात एका सुताराचा विचार केला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. यादीप्रमाणं ते अंशतः अपंगत्व, पण एका हाताचा सुतार सुतारकी करू शकत नाही, म्हणून न्यायालयानं १०० टक्के धरले. २००८ मध्ये टँकर चालवणाऱ्या एका ड्रायव्हरचं प्रकरण आलं. उजवा पाय गुडघ्यापाशी कापला होता, डॉक्टरांचा टक्का ६५ होता. न्यायालय म्हणालं, हा आता टँकर चालवू शकत नाही, म्हणून १००. तुमच्या वकिलाला हे दोन निकाल शोधायला सांगा. ड्रायव्हर, सुतार, वेल्डर, वीज जोडणी करणारा, ज्याचं पोट एका अवयवाच्या कसबावर चालतं, त्यानं यादीचा टक्का मुकाट्यानं घेऊ नये.

एकाच अपघातात दोन-तीन इजा असतील तर प्रत्येकीची रक्कम काढून बेरीज करायची, फक्त ती पूर्ण अपंगत्वाच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही.

पगार, वय आणि गुणाकार

सूत्र एका ओळीत : महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा घटक, गुणिले टक्का.

पगार कितीही असला तरी हिशोबाला कमाल १५,००० धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे, त्याआधी ८,००० होती. पगारात नुसती रोकड येत नाही. मालकानं दिलेली खोली, धान्य यांचीही पैशातली किंमत मोजता येते. प्रवासभत्ता आणि मालकाचा पीएफ मात्र येत नाही.

वयाचा घटक कायद्याच्या तक्त्यात आहे. अपघाताआधीच्या शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं वय धरायचं. २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, ६० ला ११७.४१. वय जितकं कमी तितका घटक मोठा, म्हणून वयाचा दाखला पक्का लागतो. आपल्याकडं आधारवर सर्रास ‘१ जानेवारी’ किंवा ‘१ जून’ लागलेलं असतं. शाळेचा दाखला निघत असेल तर तोच काढा.

दोन उदाहरणं बघा, दोन्हीत ईएसआय लागू नाही असं धरलंय. रोलिंग मिलमधला तीस वर्षांचा कामगार, पगार १८,०००, अंगठा पूर्ण गेला. पगार १५,००० धरायचा. त्याचे ६० टक्के ९,०००. त्याला २०७.९८ नं गुणलं की १८,७१,८२०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तिचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. तोच अंगठा पन्नास वर्षांच्या माणसाचा असता तर ४,१३,३४३.

जिनिंगमधली चाळीस वर्षांची मावशी, पगार १२,०००, पंजा गेला. ७,२०० गुणिले १८४.१७ म्हणजे १३,२६,०२४. त्याचे ६० टक्के ७,९५,६१४. पगार फारच कमी असेल तर जुन्या कायद्यात पूर्ण अपंगत्वाची रक्कम किमान १,४०,००० धरायची आहे, टक्का मग तिच्यावर लावायचा.

“दवाखान्याला आम्ही तीन लाख घातले, ते वळते करा,” असं मालक म्हणतोच. उपचाराचा खर्च भरपाईतून कापता येत नाही. तो मालकानं वेगळा द्यायचा आहे, कामामुळं झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरून द्यायची तरतूद कायद्यातच आहे. बरं होईपर्यंतच्या काळात दर पंधरवड्याला मिळणारी मदत, म्हणजे महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, ती मात्र एकरकमी रकमेतून वजा होते.

मालक म्हणतो, तुझीच चूक

हे ऐकून निम्मी माणसं दावाच सोडतात. निष्काळजीपणा, झोपेची डुलकी, घाई यांनी हक्क जात नाही. दारू किंवा नशा, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकणं, एवढीच कारणं आहेत. तीही मालकानं सिद्ध करायची. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हीसुद्धा कारणं चालत नाहीत. प्रेसचं गार्ड उत्पादन वाढावं म्हणून कुणी काढायला लावलं, हे सोबतच्या कामगारांकडून लिहून घ्या.

“तू ठेकेदाराचा माणूस” हे दुसरं उत्तर. ठेकेदारामार्फत लावलेलं काम मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असेल आणि त्याच्या आवारात अपघात झाला असेल, तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. तो पुढं ठेकेदाराकडून वसूल करील. दावा करताना दोघांनाही पक्षकार करा, विमा कंपनी असेल तर तिलाही.

ऊसतोडीत हाच मुद्दा अवघड होतो. अपघात शेतकऱ्याच्या फडात किंवा रस्त्यावर होतो, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमानं दिलेली असते, कारखाना म्हणतो आमचा संबंध नाही. म्हणून उचलीची चिठ्ठी, टोळीचा करार, कारखान्याच्या पावत्या, वाहनाचा नंबर, कोयत्यात (ऊस तोडणाऱ्या जोडीत) कोण-कोण होतं त्याची यादी, जे मिळेल ते गोळा करा. ट्रॅक्टर उलटला असेल तर मोटार अपघाताचा दावाही होऊ शकतो, पण दोनपैकी एकच रस्ता निवडता येतो. कुठला निवडायचा हे वकिलाशी बसून ठरवा. सालगड्यांनाही वाटतं की शेतीला काही लागू नाही. ट्रॅक्टरनं किंवा विजेच्या, इंजिनाच्या यंत्रानं चालणारी शेतीची कामं कायद्यात आहेत. सोयाबीनच्या मळणीत हात गेलेला गडी दावा करू शकतो. बोअरच्या गाडीवरचं कामही त्यात येतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना वेगळी. ती शेतकरी कुटुंबासाठी आहे, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर लाखाचं अनुदान देते. सालगड्याच्या मालकाची जबाबदारी तिनं संपत नाही.

साखर कारखान्यात वर्षानुवर्षं बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीत, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम करून फुप्फुसं गेली तर तोही कायद्यानं कामाचाच आजार आहे. या आजारांचे दावे आपल्याकडं फार कमी होतात, आणि ते व्हायला हवेत.

तडजोड आणि दावा

मालक चांगुलपणानं पैसे देत असेल तर घ्या. पण रक्कम ठरली की त्या कराराची नोंद कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडं करून घ्या. नव्या संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटलंय. ते रक्कम पुरेशी आहे का ते बघतात आणि अपुरी वाटली तर नोंद नाकारू शकतात. हक्क सोडून देतो असं लिहून घेतलेला कागद कायद्यापुढं फोल आहे. तशी सही आधीच झाली असेल तर घाबरून घरी बसू नका, दावा करा. बाईमाणसाची एकरकमी भरपाई जुन्या कायद्याप्रमाणं हातात द्यायचीच नाही, आयुक्तांकडं जमा करायची आहे. मधल्या मध्ये कुणी पैसे काढून घेऊ नयेत म्हणून ही सोय आहे.

पैसे अपघाताच्या दिवसापासूनच देय होतात. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला पटण्याजोगं कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. वरच्या अंगठ्याच्या उदाहरणात व्याजच वर्षाला ६७,३८५ रुपये होतं. अर्जात व्याज आणि दंड हे दोन्ही शब्द स्पष्ट मागा. मालकाला जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी वाद चालू असतानाही जमा करावी लागते, तीही मागा.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. उशीर झाला तर सबळ कारण सांगून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. अपघात जिथं झाला तिथं किंवा तुम्ही जिथं राहता तिथंही अर्ज करता येतो. पुण्याकडं किंवा वाळूजला अपघात झालेला हिंगोलीचा माणूस आपल्या जिल्ह्यात दावा करू शकतो. बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम बघतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दिव्यांग प्रमाणपत्राचा इथं मात्र उपयोग होतो, सोबत घेऊन जा.

निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात ६० दिवसांत अपील करता येतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला अपील करायचं असेल तर आधी रक्कम भरावी लागते. निकालानंतरही तो देत नसेल तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदाराकडं जातं. तिथं मालकाच्या मालमत्तेचा तपशील, सर्व्हे नंबर, गाड्यांचे नंबर, बँकेचं नाव विचारतात. ही माहिती दावा चालू असतानाच जमवून ठेवा, निकालानंतर ती मिळायला फार वेळ जातो.